गाळलेलं हसू

देविदास हरिचंद राठोडचं पहिलं लेखन छापून आलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, आणि ते एका म्हशीबद्दल होतं. साखऱ्याच्या थांब्यावर सकाळच्या हिंगोली गाडीपुढे ही म्हैस रोज येऊन आडवी उभी राहायची. ती कुणाची हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण ड्रायव्हरनं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत. एवढीच गोष्ट. पण ती हिंगोलीच्या साप्ताहिकात आली, खाली त्याचं नाव आलं, आणि म्हशीच्या मालकानं त्याला बोलावून चहा पाजला.

त्याचा तांडा साखऱ्यापासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर, माळाच्या उताराला होता. पन्नासेक घरं. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवत हिंडले. आताचे सगळे ज्वारी, तूर, कापूस करायचे. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलत, शाळेत मराठी. देविदासला पाचवीपर्यंत मराठीत एकही स्वप्न पडलं नव्हतं. लिहायला लागला तशी पडायला लागली, आणि त्याचं त्यालाच नवल वाटायचं की स्वप्नात याडी, म्हणजे त्याची आई निर्मलाबाई, त्याच्याशी शुद्ध मराठी कशी बोलते.

नव्याण्णव साली परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला. जिल्हा झाला तशी बोळाबोळांत साप्ताहिकं निघाली. त्यातल्या एकाचे संपादक व्यंकटराव आधी वकिलाकडे कारकून होते. बस स्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्या, एक टेबल आणि खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, असं त्यांचं कार्यालय होतं. सरकारी जाहिरातींच्या मधे जागा रिकामी राहायची. ती भरायला त्यांना कुणीतरी हवं होतं, आणि देविदासला कुठंतरी छापून यायचं होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. व्यंकटरावांनी सदराला 'माळावरून' असं नाव दिलं आणि सांगितलं की राजकारण नको, उपदेश नको, जे दिसतं ते लिही.

त्याला सगळंच दिसायचं. बसमध्ये बकरीचं अर्धं तिकीट मागणारा कंडक्टर, तांड्यावर पहिल्यांदा आलेला शिलाई मशीनवाला, तांड्याचे प्रमुख नायक लालसिंग यांचा चष्मा, जो ते फक्त पाहुणे आले की लावायचे. तो वहीत लिहायचा आणि आधी रुपाला वाचायला द्यायचा.

रुपा त्याची बहीण, पाच वर्षांनी धाकटी. त्या वर्षी दहावी पास झालेली, तांड्यावरची पहिलीच मुलगी. शेळ्यांमागे हिंडता हिंडता ती त्याची वही वाचायची आणि जिथं पटायचं नाही तिथं नखानं खूण करून ठेवायची. विचारलं तर सांगायची, "हितं तू खोटं बोलून राहिला, भिया." ती त्याला भिया म्हणायची, म्हणजे भाऊ. बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं.

तिला नर्स व्हायचं होतं. हे तिनं दोघांनाच सांगितलं होतं, भावाला आणि आईला. शेवटी निर्मलाबाईंनी नवऱ्याच्या, हरिचंदच्या मागे महिनाभर लागून त्याला तयार केलं. तो तयार झाला म्हणजे काय, तर नाही म्हणायचं थांबला. त्या दसऱ्याला देविदास आणि रुपा फॉर्म आणायला हिंगोलीला गेले.

हिंगोलीचा दसरा म्हणजे दहा-बारा दिवस मैदानावर उसळलेली गर्दी. फॉर्म दुपारीच मिळाला. गाडीला अवकाश होता. दोघं मैदानात शिरले. रुपानं मौत का कुआँ पाहिला आणि मोटारसायकलवाल्यानं हात सोडले तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईचा दंड घट्ट पकडला. भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, त्यातल्या निम्म्या खवट निघाल्या, म्हणून ती परत जाऊन शेंगावाल्याशी भांडली आणि वर मूठभर घेऊन आली. मग दोघं आकाशपाळण्यात बसले. पाळणा वर जाऊन थांबला, खाली माणसं भरत होती. रुपा पदराचं टोक दातात धरून लांब बघत होती. मग हसत हसत म्हणाली, "हितून आपला तांडा दिसत न्हाई. किती बरं वाटून राहिलं. मला उतरायचंच न्हाई आता."

ती हे गोरमाटीत म्हणाली होती, आणि गोरमाटीत ते अगदी हलकं होतं, घाबरलेलं माणूस गंमत करतं तसं. पाळणा सुरू झाला तेव्हा ती किंचाळली आणि खाली उतरल्यावर पाच मिनिटं शिवारातल्या दगडावर बसावं तशी पायरीवर बसून राहिली.

देविदासनं त्यावर दोन दिवसांत लेख लिहिला. 'आकाशपाळणा' असं त्याचं नाव. आतापर्यंतचं त्याचं सगळ्यात चांगलं लेखन ते होतं आणि हे त्याला लिहितानाच कळत होतं. शेवट त्या वाक्यावर केला. आधी लिहिलं होतं, 'रुपा हसून म्हणाली'. मग वाचताना ते हसू मधे आल्यासारखं वाटलं. हसू काढलं तर वाक्य कसं उभं राहतं ते त्यानं दोन-तीनदा म्हणून पाहिलं, आणि हसू काढून टाकलं. नाव मात्र खरं ठेवलं. हा एकच लेख त्यानं रुपाला आधी दाखवला नाही. छापून आल्यावर एकदमच दाखवू, असं त्याच्या मनात होतं.

अंक शुक्रवारी निघायचा. योग असा की नर्सिंगचा फॉर्म द्यायची शेवटची तारीखही त्याच शुक्रवारी होती. मधल्या दिवसांत जातीच्या दाखल्यासाठी सेनगावला तीन चकरा झाल्या होत्या. हरिचंदनं गुरुवारी फॉर्मवर अंगठा दिला आणि हात धोतराला पुसत बाहेर निघून गेला. रुपानं फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि भावाच्या हातात देताना सांगितलं की पाऊस न्हाई तरी कडेला बसू नको.

देविदास बारा वाजता हिंगोलीला उतरला. फॉर्म द्यायचा तो सरकारी दवाखाना एका बाजूला, साप्ताहिकाची गल्ली स्टँडच्या मागंच. नुसता अंक घ्यायचा आणि निघायचं, असं ठरवून तो गल्लीत वळला.

अंक अजून घड्या घालून यायचे होते. व्यंकटरावांनी त्याला बसवलं. अंक आला तेव्हा दोन वाजले. पान तीनवर, वरच्या अर्ध्यात, चौकटीत. त्यानं ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. तेवढ्यात कोर्टातले एक म्हातारे वकील आले. त्यांनी अंक उचलला, चष्मा वर करून 'आकाशपाळणा' मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि शेवटच्या वाक्यापाशी थांबून म्हणाले, "हे कुणी लिहिलं?" व्यंकटरावांनी बोट दाखवलं. वकिलांनी चहा मागवला. तुम्ही कोण, कुठले, काय वाचता, पुढं काय करणार, असं ते विचारत गेले आणि देविदास सांगत गेला. इतकं लक्ष देऊन त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. पिशवी त्याच्या मांडीवर होती. ती तिथं आहे हे त्याला माहीत होतं. आणखी पाच मिनिटं, असं तो स्वतःला सांगत होता.

तो दवाखान्याच्या खिडकीशी पोचला तेव्हा खिडकी लागली होती. आत एक माणूस फायली बांधत होता. देविदासनं काचेवर टकटक केली, हात जोडले. त्या माणसानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि पुन्हा दोरी आवळू लागला.

परतीच्या गाडीत त्यानं मनाशी खूप वाक्यं जुळवली. सगळी चांगली होती. तांड्यावर पोचल्यावर त्यानं आधी अंक रुपाच्या हातात दिला. ती अंगणात उभी राहून वाचत राहिली, आणि स्वतःचं नाव आलं तिथं तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. मग ती आईला ते गोरमाटीत सांगू लागली, शेंगावाल्याचं भांडण, मोटारसायकल, सगळं. निर्मलाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. शेवटचं वाक्य रुपानं आईला सांगितलं नाही. घडी घालता घालता म्हणाली, "आपुन बोललेलं छापून येते, मला ठावंच नव्हतं."

"फॉर्म दिला ना?" तिनंच पुढं विचारलं.

"दिला," देविदास म्हणाला.

तिनं डिसेंबरपर्यंत वाट पाहिली. पोस्टमन आठवड्यातून दोनदा साखऱ्यापर्यंत यायचा, ती काही ना काही कामानं तिथवर जायची. जानेवारीत देविदास म्हणाला की मार्क कमी पडले असतील, पुढच्या वर्षी पुन्हा भरू. पण औंढ्याकडच्या, शिरड शहापूरजवळच्या तांड्यातलं स्थळ आलं होतं. मुलगा प्रेमदास दहावी शिकलेला होता, बाप धर्मसिंग यांचं बागायत होतं. हरिचंद म्हणाला की सरकारनंच नाही म्हणलंय तर आता कशाची वाट बघायची. देविदासनं खाली मान घालून हे ऐकलं. फाल्गुनात साखरपुडा झाला, चैत्रात लग्न. जाताना रुपा ढावलो म्हणत एकेकाच्या गळ्यात पडून रडली. नवरी निघताना असंच रडगाणं म्हणते, ती रीतच आहे. भावाच्या गळ्यात पडल्यावर तिच्या गाण्यात कसलीच तक्रार नव्हती. भाऊ शाळेत न्यायचा, भाऊ वही दाखवायचा, असंच होतं. तिच्या पेटीत साड्यांच्या तळाशी 'आकाशपाळणा'चं कात्रण होतं, हे कुणाला माहीत नव्हतं.

पुढची चार वर्षं देविदास लिहीत राहिला. बी.ए. झाला. साखऱ्याच्या विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवू लागला; पगार अनुदान आल्यावर मिळणार होता आणि अनुदान दरवर्षी पुढच्या वर्षी येणार होतं. औरंगाबादच्या दिवाळी अंकांना त्यानं कथा पाठवल्या. त्या छापील चिठ्ठीसह परत यायच्या, आणि एकदा तर दुसऱ्याच कुणाची कथा त्याच्या पाकिटात आली. ती त्यानं वाचली, ती त्याच्यापेक्षा बरी होती, तीही परत आली होती. रुपा वर्षातून एक-दोनदा माहेरी यायची. तिला मुलगी झाली, पुजा. रुपा वाळत गेली होती, पण बाळंतपणानंतर होतं असं सगळे म्हणत, आणि देविदासही तेच म्हणत होता. वही दाखवली की ती चाळायची. नखाची खूण कुठं नसायची.

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात ती पुजाला कडेवर घेऊन एकटीच आली. उजव्या हाताची दोन बोटं तिला मिटता येत नव्हती. निर्मलाबाईंनी विचारलं, तिनं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी प्रेमदासला पेटीत ते कात्रण सापडलं होतं. तेव्हापासून भाकरी करपली, जनावर सुटलं, ताप आला म्हणून ती पडून राहिली, की तो कात्रण काढायचा. 'तांडा दिसला न्हाई की हिला बरं वाटते' असं सासूसमोर, शेजाऱ्यांसमोर म्हणायचा. पुढं पुढं त्याला कात्रण काढायची गरजही राहिली नाही. त्याला ते पाठ झालं होतं.

आठ दिवसांनी प्रेमदास, धर्मसिंग आणि त्यांच्याकडची चार माणसं आली. सकाळी नायकांच्या घरापुढल्या लिंबाखाली नसाब बसला. तांड्याची ही पंचायत. लालसिंग नायक, पाच-सहा म्हातारे, आणि मागं बाया. धर्मसिंग वाईट माणूस नव्हता. त्यानं मुलाचा हात उठतो हे कबूल केलं. पण म्हणाला, पोरीचं मनच कधी बसलं नाही, ती लग्नाआधीपासूनच तांड्याला विटली होती, आणि हे आमचं म्हणणं नाही, तिच्या भावानंच लिहून ठेवलंय. मग प्रेमदासनं खिशातून कात्रण काढलं. घड्यांवर ते फाटलं होतं, मागून चिकटपट्टी लावली होती.

लालसिंगांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला आणि देविदासच्या पुढं केला.

"तुजंच हाये न्हवं? वाच."

देविदास उभा राहिला. पहिली दोन वाक्यं वाचताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. मग मौत का कुआँ आला, अनोळखी बाईचा दंड आला, आणि म्हातारे हसले. शेंगावाल्यापाशी तर धर्मसिंगही हसला. बायांमध्ये कुणीतरी ते गोरमाटीत मागं सांगत होतं आणि तिकडून हसू उशिरानं येत होतं. चांगलं लिहिलं होतं. पाच वर्षांनीही ते चांगलंच होतं. देविदासला त्या क्षणी त्याचा आनंद झाला, आणि हा आनंद तो पुढं कधी विसरला नाही, कारण त्याच्याइतकी त्याला दुसऱ्या कशाचीच लाज वाटली नाही.

शेवटच्या परिच्छेदात त्यानं ते वाक्य सोडलं. पाळणा वर जाऊन थांबला, खाली माणसं भरत होती, इथवर वाचून त्यानं कागद मिटला.

"शेवटलं सोडलं त्यानं," प्रेमदास म्हणाला. आणि बसल्या जागेवरून, एकही शब्द न चुकता, त्यानं ते म्हणून दाखवलं.

लालसिंगांनी देविदासकडे पाहिलं. "हाये का त्यात?"

देविदासनं मान हलवली.

"मंग वाच."

त्यानं वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही. लालसिंग रुपाकडे वळले आणि गोरमाटीत विचारलं की बाई, तू असं म्हणली होतीस का. तिला नाही म्हणता आलं असतं. लिहिणारा भाऊ होता, त्यानं मनचं घातलं असं म्हणाली असती तर देविदासनं तिथंच मान्य केलं असतं.

"व्हय," रुपा म्हणाली. "म्हणले व्हते."

ती हसत म्हणाली होती, हे देविदासला सांगायचं होतं. गंमत होती, घाबरली होती, उतरल्यावर पायरीवर बसली होती. तोंड उघडलंही त्यानं. पण हसली होती तर लिहिलं का नाहीस, असं कुणी विचारलं असतं, आणि वाक्य छान दिसत नव्हतं म्हणून, हे उत्तर लिंबाखाली उभं राहून द्यायचं धैर्य त्याच्याकडे नव्हतं. तो खाली बसला.

नसाबनं दोन्ही बाजूंना समजावलं. प्रेमदासनं पुन्हा हात उचलायचा नाही, रुपानं नांदायला जायचं, तिचं मन बसेल असं दोघांनी बघायचं. गूळ वाटला गेला. हरिचंदनं जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

दुपारी रुपा घरात बोचकं बांधत होती. एका हातानं गाठ बसत नव्हती म्हणून देविदासनं ती आवळून दिली. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मला काई राग न्हाई. ते मला आवडलं व्हतं, म्हणून तर नेलं." मग म्हणाली, "आता हे लिव."

"काय?"

"हेच. हात, बोटं, आज झालं ते. माजं नाव घालून लिव. तसंच छापून आण."

त्यानं सांगितलं की असं लिहिलं तर तुलाच तकलीफ होईल, ते लोक चिडतील, पुजाचं बघावं लागेल.

"तवा न विचारता लिवलास," ती म्हणाली. "आता मी सोता सांगून राहिले, तर काहून लिवीनास?"

"लिवतो," देविदास म्हणाला.

तो लिहायला बसला, ते खरं होतं. शाळा सुरू व्हायच्या आत त्यानं चार पानं लिहिली. बोटांपासून सुरुवात केली, मागं कात्रणापर्यंत आला, लग्नापर्यंत आला, आणि लग्न का झालं तिथं येऊन थांबला. फॉर्म आला. खिडकी आली, घड्याळ आलं, चहाचा कप आला. ते गाळून लिहून पाहिलं. जमत होतं. वाचणाऱ्याला कळलंही नसतं. पण गाळलं की काय होतं हे त्याला आता माहीत होतं, आणि न गाळता लिहावं तर ते पहिल्यांदा रुपाच वाचणार होती. पानं वहीत राहिली. दिवाळीला ती आली तेव्हा तिनं विचारलं, तो म्हणाला लिहून राहिलो. होळीला विचारलं, तेच म्हणाला. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

'माळावरून' त्यानं बंद केलं. व्यंकटरावांचे दोन निरोप आले. पुढं साप्ताहिकात नुसत्या निविदा आणि वाढदिवसाचे फोटो येऊ लागले, मग तेही थांबलं. आता बसमध्ये बकरी चढली तरी देविदास खिडकीबाहेर बघायचा. एखादं वाक्य आपोआप जुळू लागलं की तो मनातल्या मनात पाढे म्हणायचा. सतरापर्यंत म्हटलं की वाक्य निघून जायचं.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात, एका बाजारच्या दिवशी, तो मुद्दाम शिरड शहापूरला गेला. रुपा तिथं येते हे आईकडून कळलं होतं. ती मिरच्यांच्या ढिगापाशी उकिडवी बसून देठ तपासत होती, पुजा तिच्या पाठीला टेकून उभी होती. भावाला बघून ती उठली, याडी कशी आहे, बा कसा आहे, विचारलं. दोघं हातगाड्यांच्या मागं भिंतीच्या सावलीत उभे राहिले. देविदासनं आयुष्यात पहिल्यांदा काहीही न जुळवता बोलायला सुरुवात केली. मार्क कमी पडले नव्हते. फॉर्म दिलाच नव्हता. अंक बघायला गेलो, तिथं बसलो, लोक चांगलं म्हणत होते. फॉर्म गटारीत टाकला.

रुपानं मिरचीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्याला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल. त्यानं दोन्हींची तयारी केली होती.

"किती वाजले व्हते?" तिनं विचारलं.

"कवा?"

"तू खिडकीपाशी गेला तवा."

"चार वाजून धा मिनिटं."

तिनं मान हलवली, कुणी गाडीची वेळ सांगावी तशी. मग म्हणाली की पुजाला चपला घ्यायच्या आहेत, गाडी भरून गेली तर उभं राहावं लागेल. पुजाचा हात धरून ती गर्दीत गेली. चपलांच्या दुकानापाशी ती वाकून लेकीच्या पायाचं माप बघताना त्याला दिसली. तो थोडा वेळ थांबला. ती परत इकडे वळली नाही.

त्या होळीला रुपा आली नाही. दिवाळीलाही आली नाही. निर्मलाबाई म्हणायच्या, कापूस निघत असंल, पोरीची शाळा असंल. पुढच्या वर्षी प्रेमदासनं मोबाइल घेतल्याचं कळलं. कुणाकडून तरी नंबर मिळाला. देविदासकडे तोवर जुना का होईना एक फोन आला होता. तांड्यात आवाज पोचत नसे, म्हणून तो आईला घेऊन माळाच्या टोकाला गेला आणि तिथून लावला.

प्रेमदासनं उचलला. आवाज साधाच होता. पाऊस कसा आहे विचारलं, सासऱ्याच्या गुडघ्याचं विचारलं. देविदास म्हणाला, रुपाला दे जरा, याडीला बोलायचं आहे. पलीकडे फोनवर हात ठेवल्यासारखं झालं, आणि हातामागून तो कुणाला तरी काही विचारताना ऐकू आला. मग प्रेमदास म्हणाला, "ती शेतात गेली हाये."

त्याच्या बोलण्यामागं, अगदी जवळून, रुपाचा आवाज येत होता. ती पुजाला हाक मारत होती, दप्तर उचल म्हणत होती.

देविदासनं फोन बंद केला. निर्मलाबाई वाऱ्याला पाठ करून, ओढणी कानामागं घेऊन उभ्या होत्या.

"काय म्हणली?" त्यांनी विचारलं.

"बरी हाये म्हणली," देविदास म्हणाला. मग दोघं उतरणीनं घराकडे निघाले.